साडेसात एचपीची साडेसाती

मोबाइल घेताना आपण काय काय बघतो! कॅमेरा, बॅटरी, स्टोरेज, शिवाय पाच रिव्ह्यू आणि ऑफिसातल्या तीन एक्स्पर्टचं मत. पाण्याची मोटार घ्यायची वेळ आली, की मात्र अख्ख्या महाराष्ट्रात एकच प्रश्न विचारला जातो. ‘किती एचपी?’ आणि उत्तरही ठरलेलं. ‘आधीपेक्षा एक नंबर मोठी घ्या. सेफ साइड!’

या ‘सेफ साइड’शी माझी गाठ घोडेगावात पडली. घोडेगाव म्हणजे नगर-संभाजीनगर रस्त्यावरचं, नेवासा तालुक्यातलं. शनिशिंगणापूरला गेला असाल, तर याच गावातून वळला असाल. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, आमच्या घरात अजून ‘नगर’च चालतं. जनावरांचा बाजार आणि कांद्याचं मार्केट ही गावाची ओळख. अण्णांची, म्हणजे माझ्या काकांची, तिथे विहीर आहे आणि दोन एकर उन्हाळी कांदा. फेब्रुवारीत कांदा पोसायला लागतो, तेव्हाच मोटार जळाली. आठ-दहा दिवसांनी पाण्याची पाळी. पाळी चुकली की कांदा बारीक राहतो, आणि बारीक कांद्याला मार्केटात कोण विचारतंय?

चुलतभाऊ, म्हणजे दादा, आधी वायंडरकडे गेला. पण ही पाच एचपीची मोनोब्लॉक याआधी तीनदा भरून आणलेली. प्रत्येक वेळी मोटार भरताना थोडा दम कमी होतो. दोनशे लिटरचा ड्रम भरायला तिला अलीकडे पाऊण मिनिटाहून जास्त लागायचं, असं दादाच म्हणाला. म्हणजे नवी घ्यायची हे नक्की.

दुकानदाराने दोन भाव सांगितले. पाच एचपी २८ हजार, साडेसात एचपी ३७ हजार. ‘नऊ हजारांसाठी कशाला विचार करता? साडेसात टाका, सेफ साइड.’ दादा निम्मा तयार झालाच होता. वर त्याच्याकडे हुकमी पत्ता. ‘अगं, बिल कुठंय आपल्याला?’ खरंच आहे. २०२४ च्या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल माफ आहे.

मी हिंजवडीत परचेसमध्ये काम करते. व्हेंडरने ‘सेफ साइड’ म्हटलं, की माझे कान टवकारतात. म्हटलं, दादा, एक दिवस थांब. आधी विहिरीला विचारू.

तर मंडळी, विहिरीला काय विचारायचं?

पहिला प्रश्न, पाणी किती लागतं? एका एकरावर दोन इंच, म्हणजे साधारण पाच सेंटिमीटर पाणी द्यायचं, तर ते दोन लाख लिटर होतं. शेतीची थ्री फेज लाइट आठ तास मिळते असं धरलं, तर सेकंदाला सात लिटर पुरतात. एका दिवसात एक एकर, दोन दिवसांत सगळा कांदा. यापेक्षा घाई कुणाला आहे?

दुसरा प्रश्न, पाणी किती चढवायचं? याला म्हणतात हेड. आमची विहीर पन्नास फूट. उपसा चालू असताना पाणी ४२ फुटांपर्यंत खाली जातं. तिथून शेताच्या वरच्या कडेपर्यंत आणखी १५ फूट चढ. झाले ५७ फूट, म्हणजे साडेसतरा मीटर. पण एवढ्यावर भागत नाही. पाणी पाइपात घासत जातं आणि त्या घर्षणाचंही हेड मोजावं लागतं. आमचा पाइप ७५ मिलिमीटरचा, लांबी दोनशे मीटर. सेकंदाला सात लिटर पाणी त्यातून ढकलायचं, तर साडेआठ-नऊ मीटर हेड निव्वळ घर्षणात जातं! बेंड, व्हॉल्व्ह यांचे दीड धरा. एकूण २८ मीटर.

आता २८ मीटर आणि सात लिटर या दोन आकड्यांना किती ताकद लागते? पंपाची एफिशियन्सी ६० टक्के धरली, तरी सव्वाचार ते साडेचार एचपी. म्हणजे पाच एचपी पुरे. साडेसातचा प्रश्नच येत नाही.

‘पण जास्त असली तर बिघडतं कुठं?’ हा दादाचा प्रश्न, आणि बहुतेक तुमचाही. बिघडतं. तीन ठिकाणी.

एक, विहिरीत. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे जेमतेम साडेआठ-नऊ हजार लिटर. फेब्रुवारीत विहिरीत २५ फूट पाणी होतं, म्हणजे सव्वादोन लाखांच्या आत. झऱ्यांचं काय येईल तेवढंच वर. पाचची मोटार दिवसभरात ते उपसते आणि तोवर झरे भर घालत राहतात. मोठी मोटार तेच पाणी दुपारच्या आत ओढणार आणि मग हवा खात कोरडी फिरणार. मोटार मोठी घेतली म्हणून विहीर मोठी होत नाही.

दोन, डीपीवर. अण्णांचं कनेक्शन पाच एचपीचं. त्याच डीपीवर शेजारपाजारच्या मोटारी. प्रत्येकाने ‘सेफ साइड’ म्हणून एकेक नंबर वाढवला, की व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की मोटार जास्त करंट ओढते आणि तापते. शेवटी डीपीच उडते, आणि ती बदलून येईपर्यंत सगळ्या वस्तीची पिकं उन्हात. बिल शून्य असेल हो, पण याची किंमत शून्य नाही.

तीन, खुद्द मोटारीत. हे मात्र मलाही नवीन होतं. आपल्याला वाटतं, जास्त हेडची मोटार कमी हेडवर आरामात चालेल. उलट आहे. नेहमीच्या सेंट्रिफ्युगल पंपाला त्याच्या रेंजपेक्षा कमी हेड मिळालं, की तो भसाभसा जास्त पाणी फेकतो, मोटारीवर लोड वाढतो आणि वायंडिंग तापतं. म्हणून पाटीवर ‘हेड रेंज’ लिहिलेली असते. आमच्या विहिरीत पावसाळ्यात पाणी दहा फुटांवर येतं, तेव्हा एकूण हेड २१ मीटरच्या आसपास उरतं. उन्हाळ्यात २८. म्हणजे आम्हाला हवी होती १८ ते ३२ मीटरच्या आसपास रेंज असलेली मोटार. दुकानदार दाखवत होता ती साडेसातची रेंज सुरूच व्हायची तीस मीटरला! ‘सेफ साइड’ म्हणे.

इथे एक मुद्दा डोक्यात पक्का बसवा. या मोटारीला स्पीड एकच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे टू पोल मोटार मिनिटाला २८८० च्या आसपास फेरे घेणार, बस्स. गाडीसारखा गिअर टाकून तिला हळू करता येत नाही. स्पीड बदलणारे पंप असतात आणि ते वीजही भरपूर वाचवतात. वेग निम्मा केला तर हिशेबाने ताकद एक अष्टमांश लागते. सोलर पंपाचा कंट्रोलरसुद्धा उन्हाप्रमाणे वेग कमी-जास्त करत असतो. पण साध्या मोटारीत सगळा निर्णय दुकानात एकदाच होतो. नंतर व्हॉल्व्ह दाबून पाणी कमी करणं म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून ब्रेक मारणं.

मग घेतलं काय? जुनी मोनोब्लॉक विहिरीतल्या कट्ट्यावर बसवलेली होती. मोनोब्लॉक वरून पाणी ओढते, आणि ओढण्याला निसर्गाचीच मर्यादा आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीला पाणी फार तर १०.३ मीटर उचलू शकतो. प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा नाही. त्यामुळे उन्हाळ्यात मोटार खाली उतरवा, पावसाळ्यात बुडायच्या आत वर काढा, ही दरवर्षीची कसरत. या वेळी ओपनवेल सबमर्सिबल घेतली, पाचच एचपीची. ती पाण्यातच बसते, ओढायची भानगड नाही. आयएसआयचा शिक्का आणि बीईईचे तारे बघून घेतली. उरलेल्या नऊ हजारांतून ड्राय रन प्रोटेक्शन असलेलं स्टार्टर पॅनल आलं. त्यातली ओव्हरलोड रिले पाटीवरच्या अँपिअरला सेट करून घेतली. आणि दादाकडून एक वचन, की टू फेजवर कंडेन्सर लावून मोटार चालवायची नाही. गावोगाव हा जुगाड चालतो, आणि गावोगावच्या वायंडरचं घर त्यावर चालतं.

अजून पैसे घालायचेच असते, तर मी पाइपात घातले असते. ७५ ऐवजी ९० मिलिमीटरचा पाइप टाकला, तर तेच सात लिटर नेताना घर्षण साडेतीन-चार मीटरवर येतं. मोटार तीच, पाणी जास्त. पुढच्या वर्षीच्या यादीत आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही बाणेरच्या फ्लॅटमध्ये राहतो, आम्हाला काय त्याचं? तुमच्या सोसायटीला स्विमिंग पूल आहे ना? त्याचा पंप बिघडला, की कमिटीच्या मीटिंगमध्ये हेच नाटक होतं. ‘दोनचा होता, तीनचा टाका.’ पुलाचं गणित तर आणखी सोपं. एक लाख लिटरचा पूल सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरवायचा, तर सेकंदाला साडेचार-पाच लिटर लागतात. पाणी फार चढवायचं नाही. फिल्टर, पाइप मिळून बारा मीटर हेड धरलं, तर दीड एचपी भागवतो. मोठा पंप लावला तर वाळूच्या फिल्टरमधून पाणी इतक्या जोरात जातं, की घाण अडकायच्या ऐवजी पुन्हा पुलात येते. आणि इथे बिल माफ नाही. ते तुमच्या मेंटेनन्समध्ये येतं, दर महिन्याला. आणखी एक. नेटवर अमेरिकन पुलांच्या पंपांचे तक्ते बघून ऑर्डर देऊ नका. ते ६० हर्ट्झचे असतात. आपल्याकडे तोच पंप पाच षष्ठांश वेगाने फिरेल आणि हेड तीस टक्क्यांनी घटेल.

तेव्हा दुकानात जाण्याआधी चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा. सेकंदाला किती लिटर, किती मीटर हेड (सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त), पाइपाचा व्यास आणि लांबी, सिंगल फेज की थ्री फेज. एचपी शेवटी लिहा. तो प्रश्न नाहीच, ते उत्तर आहे.

मोटार सोडल्यावर दादाने ड्रम लावला आणि मोबाइलवर स्टॉपवॉच. २९ सेकंद. अण्णा बांधावर बसून बघत होते. म्हणाले, ‘पाण्याचा हिशेब जमला गं पोरी तुला. आता कांद्याच्या भावाचा मांड.’

डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि मे २०२४ मध्ये उठली, तेव्हाचा कांदा अण्णांच्या चाळीत होता. तो हिशेब परचेसवाल्यांनाही येत नाही.