लायब्ररी फुकट, पण जबाबदारी तुमची!



समजा, तुमचं डीटीपीचं दुकान आहे. पतसंस्थेचे मॅनेजर येतात आणि म्हणतात, "आमची सभासद यादी जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे. युनिकोडमध्ये करून द्या." काम घ्यायचं का? माझं स्पष्ट मत आहे : घ्या, पण नीट समजून घ्या.

जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. फॉन्ट काढला की सगळं गिचमिड! असा मजकूर एका एन्कोडिंगमधून दुसऱ्यात न्यायला ग्नू लिबआयकॉन्व्ह ही लायब्ररी फुकट मिळते. सोर्स कोडही मिळतो. कॉन्फिगर, मेक, मेक चेक, मेक इन्स्टॉल, एवढ्या कमांड दिल्या की तयार. फक्त ती वेगळ्या फोल्डरमध्ये बसवा. लिनक्समध्ये बहुतेक वेळा आयकॉन्व्ह आधीच असतं, त्याला धक्का नको.

तुमचा फॉन्ट तिच्या यादीत नसणार. मग "सोर्स आहे ना, टेबल घुसवू" असं वाटतं. इथेच अनेकजण फसतात. जुन्या फॉन्टमध्ये 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि 'क' नंतर येतो. युनिकोडमध्ये 'क' आधी. रफाराचं उलट : फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. नुसत्या टेबलने हे होत नाही, क्रम बदलावा लागतो. म्हणून ते काम लायब्ररीबाहेर, छोट्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये करा. लायब्ररीला कमीत कमी हात लावा, नाहीतर पुढची आवृत्ती आली की तुमचे बदल पुन्हा बसवत बसाल. डेटा इस्कीमध्ये असेल तर आणखी सोपं, आयसीयू लायब्ररीत त्याचा कन्व्हर्टर तयारच आहे.

आणि लायसन्स वाचा. लिबआयकॉन्व्ह एलजीपीएलखाली आहे. रूपांतराचे पैसे बिनधास्त घ्या. पण बदललेली लायब्ररी ग्राहकाला दिलीत, तर बदलांचा सोर्सही द्यावा लागतो.

शेवटी, ग्राहक पैसे कशाचे देतो? कमांडचे नाही. 'शिर्के' हे नाव बरोबर उतरलं, या खात्रीचे. त्या एका नावात वेलांटीही आहे आणि रफारही! पासबुकावर नाव चुकलं तर सभासद मॅनेजरला धरणार आणि मॅनेजर तुम्हाला. म्हणून कोटेशनमध्ये तपासणीची ओळ वेगळी लिहा आणि आधी पन्नास नावं करून दाखवा. मगच पूर्ण यादी हातात घ्या.