फटफटीचा साज आणि विम्याचा करार

गेल्या पंधरवड्यांत आमचा पुतण्या दारव्ह्याहून यवतमाळास आमच्याकडे आला. तो येत असल्याचें गल्लीच्या तोंडापासूनच कळलें. कारण फटफटीचा मूळचा सायलेन्सर काढून त्यानें गर्जणारा दुसरा बसविला होता. हँडल व दिवेहि निराळे. विम्याची मुदत संपत आली होती. मोबाइलवरील अर्जांत ‘वाहनांत कांहीं फेरफार केले आहेत काय ?’ असा प्रश्न होता, व त्यापुढें त्यानें ‘नाहीं’ असें भरिलें होतें. “काका, पाहावयास कोण येतो ?” असें त्याचें म्हणणें.

हाच प्रसंग पुष्कळ घरीं असेल, म्हणून त्याचा येथें विचार करूं. बाजारांत गिऱ्हाईक माल पारखून घेतें; विमेवाला मात्र बहुधा आपल्या शब्दावरच जोखीम पत्करितो. म्हणून ज्या गोष्टीवरून जोखीम व हप्ता ठरतो, ती सांगणें विमा घेणाराचें कर्तव्य होय. याज्ञवल्क्यस्मृतींत कन्येचा दोष न सांगतां ती देणारास उत्तमसाहस दंड सांगितला आहे. दंड दोषास नव्हे, तो लपविण्यास आहे, हें ध्यानांत घ्यावें.

आतां सर्वच फेरफार सारखे नसतात. सामानाची पेटी, जादा दिवे इत्यादींची किंमत पॉलिसींत नोंदवून थोडा वाढीव हप्ता भरावा. न नोंदविल्यास त्यांची भरपाई मागतां येत नाहीं. इंजिन किंवा इंधन बदलणें असेल तर परिवहन कार्यालयाची अनुमति व नोंदणीपुस्तकांत नोंद अवश्य. परंतु उत्पादकानें ठरविलेल्या मूळ रचनेविरुद्ध बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची मनाई आहे. केरळांतील एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं तेंच ठाम सांगितलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा ठेविल्या. गर्जणारा सायलेन्सर विमेवाल्यास कळविल्यानें कायदेशीर होत नाहीं. तो काढलाच पाहिजे.

लहानशा बदलामुळें प्रत्येक दावा बुडतोच असें नाहीं. पण खोटें उत्तर दिलेलें असेल तर स्वतःच्या गाडीची भरपाई नाकारली जाण्याचें भय राहतें. त्याहून मोठें संकट निराळें. अपघातांत दुसऱ्यास इजा झाली, तर न्यायालय कित्येकदां विमेवाल्यास आधीं रक्कम भरावयास लावून ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतें. मग मुलाच्या हौसेचा बोजा बापाच्या कपाशीच्या शेतावर यावयाचा !

हें ऐकून पुतण्या कांहीं वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवशीं मिस्त्रीकडे जाऊन त्यानें मूळचा सायलेन्सर व हँडल पुनः बसवून घेतलें, दिव्यांची किंमत लिहिली आणि ‘नाहीं’ चें ‘होय’ केलें. हप्ता थोडा वाढला.

वाचकांनीं अर्ज भरतांना नोंदणीपुस्तक हातीं घेऊन गाडीजवळ उभें राहावें. पुस्तकांत एक व गाडींत दुसरें दिसलें, तर विमेवाल्यास लेखी विचारावें व त्याचें उत्तर जपून ठेवावें.