नाडी मंद करणारी गोळी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रक्तदाब व छातीतील कळ यांसाठी मला मेटोप्रोलोलची गोळी सुरू होती. नाडी मिनिटाला ५८ भरू लागली, तेव्हा प्रकृती सुधारली असे ठरवून मी गोळी परस्पर बंद केली. तिसऱ्या दिवशी जिना चढताना छातीत धडधड सुरू झाली, नाडी १२०. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, “गोळी कधी सोडलीत?”

हृदयाला स्वतःची लय असते. मज्जातंतूंचा अंमल पूर्ण काढून घेतला, तर तरुणाचे हृदय मिनिटाला सुमारे १०० ठोके देते. वयानुसार ही गती कमी होते. विश्रांतीत आपली नाडी सत्तरच्या आसपास राहते, ती मुख्यतः व्हेगस या मज्जातंतूच्या लगामामुळे. धावपळीत किंवा भीतीने अनुकंपी मज्जासंस्था जागी होते व गती वाढते.

हे हुकूम रसायनांमार्फत पोहोचतात. ऑटो लोवी यांनी १९२१ साली एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस उत्तेजित केला आणि त्या हृदयातील द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तेही मंदावले. रसायन ज्या जागी चिकटते ती जागा म्हणजे ग्राही. तिजोरीच्या कुलपात भलतीच किल्ली अडकवून ठेवावी, म्हणजे खरी किल्ली आत जात नाही. आमच्या बँकेत असे घडले असते तर हाहाकार उडाला असता! बीटा-ब्लॉकर गोळ्या नेमके हेच करतात: ॲड्रेनालिनची जागा अडवतात. जेम्स ब्लॅक यांनी अशा औषधांचा पाया घातला व १९८८ साली त्यांना नोबेल मिळाले. धोत्र्यातही सापडणारे ॲट्रोपिन उलट व्हेगसची जागा अडवते. म्हणून नाडी फार मंदावली की रुग्णालयात ते टोचतात.

माझी चूक मात्र पुढच्या पायरीवर होती. जागा दीर्घकाळ अडलेल्या राहिल्या की पेशी नव्या जागा वाढवतात. गोळी एकाएकी थांबली, की तेवढेच ॲड्रेनालिन अधिक जागांवर जाऊन आदळते. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद असल्यास छातीत कळ, प्रसंगी हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. गोळी थांबवायचीच असेल तर डॉक्टर ती साधारण एक-दोन आठवड्यांत उतरत्या मात्रेने थांबवतात.

मधुमेहींनी आणखी एक ध्यानात घ्यावे. साखर घसरल्याची धडधड या गोळीने झाकली जाते. घाम मात्र येतो. दम्याच्या रुग्णाने दम्याविषयी आधीच सांगावे, कारण श्वासनलिकांतही असेच ग्राही असतात.

माझी गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली. आता पट्टीत आठ गोळ्या उरल्या, की सौभाग्यवती नवी पट्टी मागवून ठेवते.