उभ्या मोटारीचा पहारेकरी



मोटारीच्या पुढील काचेस आतून चिकटविलेला लहानसा कॅमेरा आता खेड्यांतही दिसू लागला आहे. त्यास डॅशकॅम म्हणतात. मोटार धावत असता तो रस्ता टिपतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु मोटार अंगणात उभी करून आपण निजलो असता तो काय करतो? हे समजून न घेता तो बसविला, तर रात्री राखण होईल, पण सकाळी मोटार सुरू होणार नाही. आणि घरात सुनेला वेणा सुरू झाल्या असतील, तर ही गोष्ट लहान राहत नाही.

बहुतेक मोटारींत किल्ली बंद करताच सिगारेट पेटविण्याच्या खाचेतील वीज जाते आणि तिच्यावर चालणारा कॅमेराही बंद पडतो. त्याने रात्रभर जागावयाचे, तर फ्यूजच्या पेटीतून तीन तारा ओढाव्या लागतात. पहिली सदैव वीज असलेल्या फ्यूजला. दुसरी किल्ली फिरविल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजला, जिच्यावरून मोटार चालू की बंद हे कॅमेऱ्यास उमगते. आणि तिसरी मोटारीच्या धातूच्या सांगाड्याला. हे काम मोटारीच्या जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करवून घ्यावे.

जागण्याच्या रीतीही तीन आहेत. पहिल्या रीतीत कॅमेरा निजलेला असतो व धक्का बसताच जागा होतो. यात वीज थोडी लागते, परंतु धक्क्यापूर्वीचे दृश्य सहसा हुकते. दुसऱ्या रीतीत समोर काही हालले की चित्रण साठविले जाते. काही कॅमेरे त्याआधीचे काही क्षणही राखून ठेवतात, मात्र त्यासाठी त्यांस अखंड जागावे लागते. तिसऱ्या रीतीत सेकंदाला एखादेच चित्र घेऊन सारी रात्र थोडक्यात टिपली जाते.

आता हिशेब पाहू. लहान मोटारीची बॅटरी 12 व्होल्ट, 35 अँपिअर-तासांची धरा. जागा कॅमेरा 0.3 अँपिअर वीज घेत असेल, तर दहा तासांच्या रात्रीत 3 अँपिअर-तास खर्च होतात. एक रात्र सहज निभते. परंतु मोटार तीन दिवस हलली नाही, तर 21.6 अँपिअर-तास, म्हणजे निम्म्याहून अधिक साठा संपतो. यास्तव जोडणीच्या संचात एक मर्यादा ठरविता येते. भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे 12.6 व्होल्ट असतो. तो ठरविलेल्या आकड्याखाली, समजा 12.2 च्या खाली उतरला, की कॅमेरा आपोआप बंद होतो. ही मर्यादा लावल्यावाचून राखणीस बसवू नये.

आणखी दोन गोष्टी. उन्हात बंद मोटार भट्टीसारखी तापते. म्हणून आत लिथियम बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला कॅमेरा पसंत करावा. तसेच मेमरी कार्ड भरले की जुन्या चित्रणावर नवे चढते. सेन्सरने धक्का ओळखला तर ते चित्रण सहसा वेगळे राखले जाते; तरीही काही घडल्यास ते त्वरित दुसरीकडे उतरवून ठेवावे.

कॅमेरा चोरास अडवीत नाही, तो केवळ साक्ष देतो. आणि तीही त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात जेवढे आले तेवढ्याचीच. मोटार आपल्याच बंद फाटकाच्या आत असेल, तर पहारेकऱ्यास खुशाल निजू द्यावे. बाजारात वा अनोळखी रस्त्यावर ती उभी करावी लागेल, तेव्हाच त्यास जागवावे.