पाला आमचा, मग खत विकत का?



आमच्या कापसाला भाव नाही, ज्वारीला भाव नाही. पण बांधावरच्या पाल्याला मात्र भाव आला आहे! तोच पाला गांडुळाच्या पोटातून गेला, पिशवीत भरला, वर छाप बसला, की किलोच्या दराने आम्हालाच विकला जातो. हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.

शिमग्यापासून पानगळ सुरू होते आणि झाडून काडी लावली जाते. 2016 च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर कचरा जाळायला बंदी केली, तरी धूर निघतोच. कडबा जनावरांना जातो, पऱ्हाटी चुलीत जाते, शेणाच्या गोवऱ्या होतात. कोरडवाहू रानाला परत द्यायला उरतो तो पालाच. आणि तोच आम्ही जाळतो.

कोल्हापूर म्हटले की कोणी म्हणेल, तिथे ऊस आणि नदीचे पाणी, त्याचे आपल्याला काय? पण त्याच कोल्हापुरात गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकऱ्याने आपल्या रानात प्रयोग करावा, एकमेकांना कळवावे, सरकारची वाट पाहू नये, हे त्यांचे सांगणे. पान म्हणजे उन्हाची कमाई. ती मातीत परत गेली पाहिजे, हा त्यांचा हिशेब. तो कोरडवाहूला अधिकच लागू आहे.

आता सरकारी हिशेब पाहा. 2014 च्या फलोत्पादन अभियानाने पक्क्या गांडूळखत युनिटचा खर्च धरला एक लाख, अनुदान निम्मे. उरलेले पन्नास हजार आणायचे कुठून? आणि उन्हाळ्यात जिथे प्यायला पाणी नाही, तिथे टाक्यावर पाणी कोण शिंपडणार?

टाके नको. पाला उन्हाळ्यात गोळा करून ठेवा. मृगाचा पाऊस पडला की सावलीत, पाणी न साचणाऱ्या जागी पाला आणि शेण थरावर थर रचा. साग-आंब्याचा जाड पाला बारीक करून घाला, निलगिरीचा टाळा. रास आधी तापते. हात घालून पाहा. थंड झाल्यावरच गांडुळे सोडा, नाहीतर मरतात. वरून ओले गोणपाट झाका. गांडुळेही विकत नकोत. ज्याच्याकडे आहेत त्याने शेजाऱ्याला टोपलीभर द्यावीत.

खोटी आशाही नको. सरकारी मानकाप्रमाणे गांडूळखतात नत्र किमान एक टक्का, म्हणजे टनाला दहा किलो. युरियाच्या 45 किलोच्या एका पोत्यात ते वीस किलोंवर असते. दोन पिशव्यांत कापूस दुप्पट होईल असे सांगणारा आम्हाला लुबाडतो आहे. पाल्याच्या खताचे मोल वेगळे आहे: ते माती भुसभुशीत ठेवते, ओल धरते, आणि पावसाने ओढ दिली की तीच ओल पीक तगवते.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने ठरवून यावे: पाल्याला काडी लावणार नाही, खताची पिशवी आणणार नाही. भावाची लढाई चालूच राहील; पण लढताना घरचे धन जाळायचे नाही.