दाढीनंतरचा दाह : औषधापूर्वी वस्तरा पाहावा

दाढी केल्यानंतर गालांची आग होणे, मानेवर लाल पुरळ उठणे, हनुवटीखाली कंड सुटणे या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांची आपल्या चिकित्सालयांत कमतरता नाही. तरीही हा विषय आपल्याकडे क्षुल्लक मानला जातो. रुग्ण तक्रार सांगतो, आपण चेहऱ्याकडे एक दृष्टिक्षेप टाकतो, मुखदूषिकेचे निदान करतो आणि रक्तप्रसादन औषधांची चिठ्ठी लिहून मोकळे होतो. या सवयीविषयी काही विचार सहव्यावसायिकांपुढे मांडावेत, म्हणून हे लेखन.

प्रथम स्वतःचीच चूक सांगतो. सुरक्षारक्षकाची नोकरी करणारा एक तरुण काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. नोकरीच्या नियमामुळे त्याला दररोज दाढी करावी लागे. मानेवर पिडका, स्पर्शासहत्व व दाह ही लक्षणे होती. मंजिष्ठा, सारिवा, आहारातून मीठ-मसाला कमी, असा क्रम मी तीन महिने चालविला. उपशय अत्यल्प. अखेर एके दिवशी सहज विचारले, ‘दाढी कशी करता?’ उत्तर मिळाले, ‘पहाटे थंड पाण्याने, अंगाचा साबण लावून. उलटा हात दोन-तीनदा फिरवल्याशिवाय साहेबांना चालत नाही.’ पाते किती दिवस वापरता, यावर तो म्हणाला, ‘महिनाभर पुरते.’ तीन महिन्यांपूर्वी विचारावयाचा हा प्रश्न होता. पद्धत बदलल्यावर पुढील काही आठवड्यांत मान निवळली. औषध तेच होते, हेतू मात्र दूर झाला होता.

चरकाचार्यांनी मात्राशितीय अध्यायात केश, श्मश्रू व नखे यांच्या कर्तनाचे गुण वर्णिले आहेत आणि इंद्रियोपक्रमणीय अध्यायात ते पंधरवड्यातून तीन वेळा करावे असे सांगितले आहे. आज नोकरदार पुरुष हेच कर्म पंधरवड्यातून चौदा-पंधरा वेळा करतो. सुश्रुताचार्यांनी अवभासिनी ही सर्वांत बाहेरची त्वचा व्रीहीच्या अठराव्या भागाइतकी सांगितली आहे. इतक्या पातळ आवरणावरून रोज धारदार पाते फिरते, तेव्हा केसांबरोबर त्वचेचा वरचा थरही खरवडला जातो. हा दाह मूलतः आगंतु आहे. दोषांचा अनुबंध मागाहून होतो. आगंतु हेतू रोज सकाळी नव्याने घडत असताना केवळ निज व्याधीची चिकित्सा करीत राहणे, हे गळक्या छपराखाली जमीन पुसत बसण्यासारखे आहे.

इतिहास घेतानाच दोन अवस्था वेगळ्या कराव्यात. दाढीनंतर लगेच आग व लाली येऊन एक-दोन दिवसांत शमत असेल, तर ते घर्षणजन्य क्षोभाचे लक्षण. परंतु कठीण पिडका दिवसेंदिवस टिकत असतील आणि भिंगातून पाहता त्यांत वळलेला केस दिसत असेल, तर कापलेल्या केसाचे टोक पुन्हा त्वचेत शिरले आहे असे समजावे. कुरळ्या केसांच्या व्यक्तींत हे अधिक आढळते. अशा रुग्णास सुमारे चार आठवडे वस्तरा बंद ठेवून कात्रीने किंवा यंत्राने थोडे खुंट राखण्यास सांगावे. येथे घोटून केलेली दाढी हेच अपथ्य होय.

इतरांसाठी विधी सोपा आहे. दाढी स्नानानंतर करावी किंवा कोमट पाण्यात भिजविलेला पंचा दोन-तीन मिनिटे चेहऱ्यावर ठेवावा. भिजलेला केस मऊ होतो व कमी जोरात कापला जातो. फेस भरपूर करून मिनिटभर राहू द्यावा. मानेवरील लव निरनिराळ्या दिशांनी वाढते, म्हणून बोटांनी चाचपून केसांच्या दिशेनेच हात फिरवावा. त्वचा ताणू नये, त्याच जागी पुनःपुन्हा पाते फिरवू नये, प्रत्येक फेरीनंतर ते धुवावे. पाच ते सात वेळा वापरलेले पाते बदलावे. शेवटी थंड पाण्याने धुऊन चेहरा न घासता टिपावा.

शमनासाठी कोरफडीचा ताजा गर पातळ लावावा. पान कापल्यावर निथळणारा पिवळा चीक मात्र पूर्ण काढून टाकावा. रुक्षता व दाह असता शतधौत घृताचा अगदी हलका थर पुरतो. पूययुक्त पिडका असतील तर घृताने त्या झाकू नयेत. कोमट त्रिफळा क्वाथाने परिषेक करावा. चंदनाचा लेप दिल्यास तो चेहऱ्यावर सुकून तडकू देऊ नये. सुकलेला लेप ठेवू नये हा शास्त्रादेश आपण रुग्णाला क्वचितच सांगतो. कोणतेही नवे द्रव्य आधी कोपराच्या आतील बाजूस लावून पाहावे. तुरटी रक्तस्तंभक आहे, ती बारीक जखमेपुरती वापरावी. संपूर्ण चेहऱ्यावर ती रोज घासणे, लिंबू चोळणे किंवा मद्यार्कयुक्त सुगंधी द्रव लावणे म्हणजे खरवडलेल्या त्वचेवर आणखी रुक्षता लादणे.

औषधविक्रेते बांधवांना एक कळकळीची विनंती. दाढीच्या पुरळावर स्टिरॉइडयुक्त मिश्र मलम मागणारे ग्राहक आपल्याकडे येतात. त्याने लाली झटकन उतरते, म्हणून ते पुन्हा मागितले जाते. पुढे त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसू लागतात, दद्रू असल्यास तो झाकला जाऊन पसरतो आणि मलम थांबविताच दाह दुपटीने उसळतो. २०१८ साली केंद्र शासनाने अशा अनेक मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीस प्रतिबंध केला. नियम झाला, तरी तो पाळावयाचा आपल्या गल्ल्यावरच. तसेच घटकद्रव्यांची यादी नसलेले ‘हर्बल’ मलम, ते कितीही गुणकारी म्हणून सांगितले जात असले तरी, फळीवर ठेवू नये. अशा डब्या विकल्या गेल्या की अपकीर्ती आयुर्वेदाच्या वाट्याला येते.

नाभिक बांधवांशीही आपला संवाद हवा. प्रत्येक ग्राहकासाठी पात्याचा नवा तुकडा आणि धुतलेला स्वच्छ पंचा, एवढ्याने दद्रू व पूयजन्य विकारांचा संसर्ग कमी होतो; नव्या पात्यामुळे रक्तातून पसरणारी कावीळही टळते. पिवळे खपले, कडेने पसरणारी कंडूयुक्त वर्तुळे, ज्वर किंवा मधुमेही रुग्णाच्या चेहऱ्यावरील गळू दिसल्यास मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे. त्यात कमीपणा नाही.

निदानपरिवर्जन हे आपल्या चिकित्सेचे पहिले सूत्र आहे. त्यातून औषध विकले जात नाही, म्हणून ते मागे पडते, हे प्रांजळपणे कबूल करू या. चेहऱ्याच्या पुरळासाठी येणाऱ्या प्रत्येक पुरुष रुग्णाच्या केसपेपरवर यापुढे दाढी कशी, किती वेळा आणि कोणत्या पात्याने, या तीन नोंदी असाव्यात. चिठ्ठी त्यानंतर लिहावी.