पंधराशे रुपयांनी आळशी कोण झालं?



गेलं वर्ष-दीड वर्ष एकच वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. व्याख्यान संपवून स्थानकाच्या पायऱ्या उतरताना, भिशीत, लग्नाच्या पंगतीत, दुकानाच्या गादीवर. "लाडकी बहीण आली आणि बायका कामाला यायच्या बंद झाल्या. फुकटचं खायची सवय लागली त्यांना." बोलणारी आपल्यातलीच असते, आणि पुष्कळदा तिचं सामायिक नुकतंच पाळून झालेलं असतं.

आपण व्यापाऱ्यांच्या घरातल्या बायका. हिशेब आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून आधी हिशेबच करू.

योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली. वय २१ ते ६५, घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिन्याला १५०० रुपये. म्हणजे दिवसाला पन्नास. पन्नास रुपयांत आज नगरच्या बाजारात काय येतं ते तुम्ही रोज पिशवी घेऊन जाता, तुम्हाला माहीत आहे. या पन्नास रुपयांसाठी एखादी बाई काम सोडत असेल, तर तिला त्या कामाचं मिळत किती होतं, हा प्रश्न पहिला यायला हवा. तो कुणीच विचारत नाही.

आमच्या गल्लीतला दर सांगते. दोन वेळची भांडी आणि केर-फरशी, महिन्याला बाराशे. रोजचा दीड तास धरला तर महिन्याचे पंचेचाळीस तास होतात आणि तासाला पडतात जेमतेम सत्तावीस रुपये. सरकारने २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी ठरवली ३१२ रुपये. आठ तासांनी भागा, एकोणचाळीस येतात. उन्हात माती खणायला सरकार जे देतं त्याहून आपण मार्बलच्या फरशीवर कमी देतो. वर म्हणायचं की सरकारने बायका बिघडवल्या!

हे बोलणं आपल्या गल्लीपुरतं नाही, दिल्लीपर्यंत आहे. १२ फेब्रुवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयात शहरातल्या बेघरांच्या निवाऱ्याची सुनावणी होती. तिथे न्यायमूर्ती भूषण गवई म्हणाले की निवडणुकीआधीच्या अशा मोफत योजनांमुळे लोकांना काम करायची इच्छा राहत नाही. महाराष्ट्राचं नाव घेऊन शेतकऱ्यांना मजूर मिळत नाहीत असंही ते म्हणाले. आपण परजीवींचा वर्ग तर तयार करत नाही ना, असा त्यांचा प्रश्न होता. ते सगळ्या पेपरांत आलं, आणि आमच्या ग्रुपवर तर तीन तीनदा फॉरवर्ड झालं. त्याच्या दोनच आठवडे आधी, २९ जानेवारीला, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने म्हटलं होतं की घरकाम करणाऱ्यांना संरक्षण देणारा देशभराचा कायदाच नाही, केंद्राने समिती नेमून त्याचा विचार करावा. ते कुणी फॉरवर्ड केलं? माझ्याकडे तरी एकीकडूनही आलं नाही.

परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा. आता बघा. आपल्या कामवाल्या मावशींच्या घरी रेशनचं धान्य येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, जानेवारी २०२३ पासून पूर्ण मोफत. ते धान्य खाऊन मावशी आपल्याकडे भांडी घासायला येतात. बाराशे रुपयांत घर चालत नाही, म्हणून उरलेलं सरकार घालतं. ते पैसे नसते तर एक तर आपल्याला पगार वाढवावा लागला असता, नाही तर भांडी स्वतः घासावी लागली असती. मग सरकारच्या पैशावर आयतं कोण जगतंय? मावशी तर सकाळी सहाला उठून पाच घरं करतात. सवलत खरी मिळते ती आपल्या सिंकला.

मी योजनेची वकिली करत नाही. निवडणूक नोव्हेंबरात आणि पैसे रक्षाबंधनाला, यातला अर्थ न कळण्याइतक्या आपण भोळ्या नाही. एकवीसशे करू म्हणाले होते, त्याचं काय झालं ते सगळ्यांना दिसतंय. चारचाकी दारात असलेल्यांनीही अर्ज भरले, आणि १४ हजारांवर पुरुषांनी बहिणींचे पैसे उचलल्याचं सरकारलाच सांगावं लागलं. या गैरकारभारावर हवं तेवढं बोला, मी तुमच्याबरोबर आहे. पण चोरी त्या पुरुषांची आणि शिव्या मावशींना, हे मला मान्य नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. आपण पक्खीला, चौमासीला, संवत्सरीला प्रतिक्रमण करतो. श्रावकाच्या पहिल्या व्रताचे पाच अतिचार आपल्याला तोंडपाठ आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभार, भक्तपानविच्छेद. पाथर्डी बोर्डाची परीक्षा दिलेल्या तर अर्थासकट लिहून दाखवतील. अतिभार म्हणजे पेलवणार नाही एवढं ओझं लादणं. भक्तपानविच्छेद म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेल्याचं खाणं-पिणं तोडणं. हे बैलाला लागू आहे तसंच नोकर-चाकरांना लागू आहे, असं महासतीजी दर चातुर्मासात समजावून सांगतात. आपण मान डोलावतो, आणि मनात येतो तो बैल. कारण बैल आता कुणाच्याच घरी नाही, त्यामुळे तो अतिचार आपल्याला लागत नाही!

पण पाहुणे आले, भांडी दुप्पट झाली आणि पगार तोच राहिला, हा अतिभार नाही तर काय आहे? तापाने दोन दिवस आल्या नाहीत म्हणून दोन दिवसांचे पैसे कापले, त्या आठवड्याचं तेल कुणाच्या घरात आलं नाही? मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून आपण खाली बघून चालतो. पाणी गाळून पितो. ती गाळणी धुणाऱ्या हातांचा हिशेब व्रताच्या बाहेर कसा राहील? मिच्छामि दुक्कडम म्हणून वर्षाच्या शेवटी सगळं मिटत असेल तर मग व्रत घ्यायचंच कशाला?

पाथर्डीचं नाव आलंच आहे तर तेही बोलते. आपले आचार्य आनंदऋषीजी महाराज याच तालुक्यातल्या चिचोंडीचे. त्याच तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि थंडीत पहाटे फडात उतरून ती फेडायची. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने पाहणी केली. ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीच्या त्रासाने खाडा पडू नये, हे त्यामागचं एक कारण. या बायकांना आळशी म्हणताना जीभ अडखळायला हवी. पंधराशे रुपये म्हणजे तिचे तीन खाडे. महिन्यातले तीन दिवस ती कोपीत पडून राहिली, तर कुणाचं काय बिघडलं?

आणि तोडणीचा दर मागितल्यावर वाढतो, हेही बघा. जानेवारी २०२४ मध्ये तो ३४ टक्क्यांनी वाढला. कारखान्यांची धुराडी त्यानंतरही पेटलीच.

"काम द्या, पैसे नको" असं पुष्कळ जणी म्हणतात. मलाही तेच हवंय. पण काम दिल्यावर हे लोक येत नाहीत, असं आपल्या जिल्ह्यात राहून तरी म्हणू नका. ७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी तुमच्या सासूबाईंना विचारा. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. लेकरू झाडाखाली झोळीत आणि बाई खडी फोडतेय, हे नगर जिल्ह्याने पाहिलंय. त्यातूनच वि. स. पागे यांची रोजगार हमी पक्की झाली आणि १९७७ ला तिचा कायदा झाला. हिवरे बाजारने त्याच रोजगार हमीच्या पैशातून चर खणले, बांध घातले. पाणी आल्यावर गाव सोडून गेलेली कुटुंबं परत आली. सरकारचा पैसा घेतला म्हणून ते गाव ऐतखाऊ झालं, असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. माझ्या माहेरी शेती आहे. कांदा लागवडीच्या दिवसांत टोळी मिळवताना भावाची काय धावपळ होते ते मी पाहते. पण त्याच्या कांद्याला भाव नसतो तो लाडक्या बहिणीमुळे नाही. निर्यातबंदी घालताना त्याला कुणी विचारलं नव्हतं. मजुरी परवडत नाही याचं कारण बाजार समितीत आणि दिल्लीत आहे, तर ते तिथे जाऊन भांडावं. वाफ्यात ओणवी बसलेल्या बाईवर राग काढून कांद्याचा भाव वाढणार आहे का?

आपला एक अभिमान असतो: आपण देणारे, घेणारे नाही. खरंच? जानेवारी २०१४ ला जैनांना देशपातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यानंतर शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला आपल्यातल्या किती जणींनी रांगा लावल्या? लावाव्यातच, हक्क आहे. मुलं त्याने आळशी झाली नाहीत, शिकली. साधर्मिक भक्ती तर आपली केवढी सुंदर रीत. समाजातल्या अडलेल्या घरी शिधा पोचतो, मुलांची फी भरली जाते, आणि नाव कुठे येऊ नये याची काळजी घेतली जाते. त्या विधवा बहिणीला कुणी विचारत नाही की याने तुम्हाला सवय तर लागणार नाही ना. आपल्या माणसाला दिलं की भक्ती, आणि मावशींना सरकारने दिलं की फुकटेपणा?

मी किती देते, हे तुम्ही विचारणारच. एकोणचाळीसच्या दराने पंचेचाळीस तासांचे १७५५ होतात. मी दोन हजार देते. महिन्यात चार सुट्ट्या, त्यांचे पैसे कापत नाही. दिवाळीला एक पगार जास्त. घरखर्चात यासाठी काय कमी केलं? बाहेरून मागवायचं एक जेवण. आठशे रुपये त्यातच निघाले.

"तू दर वाढवून आमची पंचाईत करतेस," असं शेजारणीने तोंडावर सांगितलंय. म्हणून हा विषय मी महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठेवणार आहे. गल्लीतल्या सगळ्या घरांनी एकच दर ठरवावा, आजारपणाचे पैसे कापू नयेत आणि मावशींना पिण्याच्या पाण्याचा वेगळा पेला ठेवायची पद्धत बंद करावी. पर्युषणात पारण्यांची भांडी डोंगराएवढी होतात, त्यांचे पैसे वेगळे द्यावेत आणि ते आधी ठरवावेत. विरोध असेल त्यांनी बैठकीला जरूर यावं, आपापल्या घरचा तासाचा हिशेब काढून.